वन्संनी ओतलेला ब्रेक

आधीच सांगून टाकते, मला सायकलीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण दोन खोल्या आणि एक बाल्कनी एवढ्या घरात नणंद सोबत राहते, आणि त्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीला चाकं लटकतात, तेव्हा माणसाला नको ते सगळं कळायला लागतं. नणंद म्हणजे यांची मोठी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. माझं ऐकून शेजारचे वन्सं म्हणायला लागले, मग कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, मग त्यांच्या लॅबमधल्या पोरी. आता कुणाच्या कोण लागतात हे कुणी विचारत नाही.

लॅब म्हणजे दातांची. वन्सं कवळ्या करतात. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो, ते माप डब्यात घालून लॅबमध्ये येतं. मग मेणात दात बसवायचे, साचा करायचा, धातू ओतायचा, घासायचं, पॉलिश करायचं, हे सगळं वन्संचं काम. तयार कवळी डॉक्टर तोंडात बसवतो आणि पेशंट डॉक्टरला म्हणतो, काय सुंदर केलीत हो. पेशंटला वन्सं दिसत नाहीत. आणि काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाच्या लक्षात येता कामा नये, असा हा धंदा. शहरातली निम्मी म्हातारी माणसं वन्संच्या दातांनी जेवतात आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नाही. कुणाच्या तोंडात आपलं काम आहे हे बोलायचं नाही, हाही त्या धंद्याचा रिवाज. वन्सं तो इतका पाळतात की रस्त्यात एखादा ओळखीचा तोंडभर हसला तरी या आपल्या शांतपणे पुढे. राग मला यायचा. मला राग लवकर येतो, असं आमचे हे सगळीकडे सांगत फिरतात.

सायकलचं वेड लॅबमुळेच लागलं. तरुणपणी वन्संना तिथे पहिलं काम मिळालं ते डबे पोचवायचं. सायकलच्या कॅरिअरला लोकांचे दात बांधून या एका क्लिनिकमधून दुसऱ्या क्लिनिकमध्ये जायच्या. डॉक्टर मोकळा होईपर्यंत बाकावर बसून जुनी मासिकं चाळायच्या. त्यातल्या एका परदेशी मासिकात त्यांना एक फोटो दिसला. उघडाबोडका डोंगर, धुळीचा लोट, आणि जाड टायरच्या सायकलवरून सुसाट खाली येणारी एक बाई. डोंगरात चालवायच्या सायकली तेव्हा नुकत्या कुठे निघत होत्या. चार वेडी माणसं आपापल्या शेडमध्ये नळ्या जोडून, मोटरसायकलचे ब्रेकचे दांडे लावून त्या बनवायची. वन्संनी ते पान फाडून घेतलं. मी त्याला चोरी म्हणते. त्या अजून म्हणतात, उसनं आणलंय.

मग काय, आमच्याकडे लोखंड साठायला लागलं. त्या काळातलं एखादं हँडल, एखादी गिअरची खुंटी, एक तर नुसतंच सीट. मी दिवसभर पार्सलच्या काउंटरवर लोकांशी डोकं लावून घरी यायची, आणि चादर वाळत घालायला गेले की कपाळावर पेडल आपटायचं. कितीदा यांना म्हटलं, तुमच्या बहिणीला काहीतरी सांगा. हे म्हणायचे, सांगतो. आमच्या लग्नापासून हे सांगतायत.

अख्खी सायकल मात्र मला सापडली, हे मी ठणकावून सांगते. म्हणजे रोपवाटिकेत मला एक वेल हवा होता आणि मी वन्संना सोबत नेलं होतं. मागच्या बाजूला एका वेलाखाली लोखंडाचा काहीतरी सांगाडा होता. हँडलला कुंड्या टांगलेल्या, चाकं मातीत रुतलेली. मी म्हटलं, वन्सं, हा वेल बघा किती दाट आहे. मागे वळून पाहते तर या चिखलात गुडघे टेकून बसलेल्या, आणि नखाने नळीच्या सांध्यावरची माती खरवडतायत.

"अगं, हे हाताने जोडलंय," त्या म्हणाल्या. "कारखान्यातलं नाही हे."

रोपवाटिकेच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, फार वर्षांपूर्वी कोणी परदेशी पाहुणा इथे राहून गेला, तो जाताना टाकून गेला. सायकलची त्याला काडीची पर्वा नव्हती, पण वेल सोडायला तो तयार होईना. वन्संनी त्याला वेलासाठी नवी लोखंडी कमान करून द्यायचं कबूल केलं आणि दिलीही. आम्ही सायकल घरी आणली तेव्हा तिच्यात अर्धी रोपवाटिका अडकलेली होती. यांनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हिला रोज पाणी घालायचं का?"

त्यानंतर आमची बाल्कनी गेली ती गेलीच. दातांचे ते चिमुकले ब्रश घेऊन वन्सं एकेक सांधा साफ करत बसायच्या. मातीखालून निळा रंग निघाला, ठिकठिकाणी उडालेला. मी म्हटलं, आता छान नवा रंग मारून टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप कपड्यांची बादली उचलली. ज्याने केलीय त्याच्या हातचा आहे तो रंग, म्हणाल्या, तो राहणार. गंजलेले स्क्रू तेलात भिजत पडले. साठवलेल्या लोखंडातली गिअरची खुंटी नेमकी हिला बसली, सीटही बसलं. तेव्हा वन्संनी मला मुद्दाम हाक मारून दाखवलं. मी मान्य केलं. मान्य करण्यासारखं होतं ते.

अडलं एका ब्रेकपाशी. पुढच्या चाकाला दोन बाजूंनी दोन हात असतात, ते आपापलं रबर रिमवर दाबतात आणि चाक थांबतं. उजवा हात होता, डावा नव्हता. आणि तो कुठेच मिळेना. जुन्या डोंगरी सायकली जमवणाऱ्यांची एक मंडळी आहे, त्यांचे प्रमुख घरी येऊन गेले. खिशात कायम मापाचं यंत्र, म्हणून मी त्यांना मोजपट्टीवाले म्हणते. त्यांनी नळ्या मोजल्या, सांधे मोजले, आमच्या कपबशीशिवाय सगळं मोजलं, आणि मग नुसतेच सायकलकडे बघत बसले. माणूस वाईट नाही. डोळे भरून आले होते त्यांचे.

"अशी दुसरी या भागात नसेल," ते म्हणाले. "पण तो हात मी आजवर सुटा पाहिलेला नाही. तो नसेल तर टेकडीवर घेता यायची नाही."

टेकडी म्हणजे त्या मंडळींचा वर्षातून एकदा होणारा मेळावा. जी सायकल ते पास करतात तिला छोटी पितळी पट्टी मिळते आणि त्या सायकलीच तेवढ्या दोरी लावलेल्या उतारावरून खाली सोडतात. वन्संना पट्टीचं काही नव्हतं. त्यांना तो उतार हवा होता. उसन्या आणलेल्या पानावरची ती बाई त्यांच्या डोक्यातून कधी उतरलीच नव्हती. लॅबमधून निवृत्त व्हायची वेळ आली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणण्याइतकी ऐपत आता पायांत राहिली नव्हती. असं त्याच म्हणाल्या, अगदी सरळ, चहा गाळताना.

"नाही मिळत ना? मग मी करते."

त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये मेणाचा हात कोरला, उजव्या हाताकडे बघून, उलटा. लॅबचे मालक म्हणाले, इथे माणसांचे दात होतात. वन्संनी सायकलचं मागचं दातेरी चक्रच पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, मोजा, हिला तुमच्यापेक्षा जास्त आहेत. मालक हसले आणि भट्टी मोकळी करून दिली. कवळीच्या सांगाड्याला जो कडक, पांढरट धातू वापरतात तोच ओतायचा होता. पण एवढा मोठा तुकडा त्या भट्टीने कधी पाहिलेला नव्हता. पहिला हात अर्धाच भरला, धातू मधेच थिजला. दुसऱ्याला भोक पडलं. तिसरा साच्यातून निघाला तो पुरा.

आणि मग वन्संनी त्याला पॉलिश केलं. ते त्यांना कुणी सांगायला लागत नाही. कवळीचा कुठलाही कोपरा जिभेला लागला तर पेशंट दुसऱ्या दिवशी दारात, म्हणून आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गोष्ट गुळगुळीत केलीय. हा हात असा चमकवला की मी त्यात केस नीट केले. आम्ही सगळे खूश. रविवारी सकाळी वन्सं गल्लीतल्या उतारावरून निघाल्या, हे खाली उभे, मी वरून बघतेय. मधेच त्यांनी ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. वन्सं थेट लाँड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरल्या आणि पलीकडून एक चादर अंगावर घेऊनच बाहेर आल्या. लागलं नाही फारसं. लाँड्रीवाला जे बोलला ते मी इथे सांगत नाही. मीही त्याला बोलले, तेही सांगत नाही.

काय झालं होतं ते वन्संना लगेच कळलं. ब्रेकचं रबर एका लोखंडी खिळीवर बसतं आणि ती खिळी त्या हाताच्या चिमट्यात घट्ट आवळलेली असते. चिमटा आतूनही काचेसारखा गुळगुळीत केलेला. ब्रेक दाबला की खिळी सटकन फिरायची आणि रबर रिम सोडून द्यायचं. दुसऱ्या कुणी तो हात केला असता तर ही चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणी ब्रेक आतून पॉलिश केलाच नसता.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत धड. कानस हातात घेऊन बसून राहिल्या. मी जवळ जाऊन विचारलं, काय झालं, मारा की चार हात. तर म्हणाल्या, "हात उचलत नाही गं. खरखरीत काम आजवर बाहेर दिलेलं नाही मी." मी म्हटलं, वन्सं, हे कुणाच्या तोंडात घालायचं नाहीये. मग त्यांनी कानस चालवली. नुसता चिमटा नाही, अख्खा हात. सगळी चमक घालवली. कानशीच्या रेघा सरळ दिसत होत्या, ओतलेल्या धातूची पुरळही दिसत होती. निळ्या सायकलवर तो करडा, ओबडधोबड तुकडा लांबून नजरेत भरायचा.

"निदान वरून तरी रंग लावा, उजव्या हातासारखा काळा," मी म्हटलं.

"नको. दिसू दे."

पुन्हा गल्लीत गेल्या. ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि लाँड्रीवाल्याने चादरी काढायला घेतल्या होत्या त्या परत घातल्या.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही तिघेही गेलो. टेकडीच्या माथ्यावर टेबल मांडलेलं, मागे सायकली रांगेत, आणि उतारावर दोन्ही बाजूंनी दोरी. मोजपट्टीवाले आमच्याकडे लगबगीने आले, सायकलभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या हातापाशी थबकले. खाली वाकले, बोट फिरवलं. मग वन्संना जरा बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, एवढं सगळं मूळचं आहे. याला काळा रंग लावून टाका, माझ्याकडे डबी आहे. घासून लावला की दोन पावलांवरून ओळखू यायचा नाही. मी कार्डावर सगळे भाग मूळ असं लिहितो. मला काही दिसलं नाही, झालं."

तो माणूस उपकार करत होता. मनापासून. वन्सं म्हणाल्या, "तुम्ही असं लिहा. पुढच्या ब्रेकचा डावा हात मी केलाय."

"तसं लिहिता येत नाही हो. सुटा भाग असला तर त्याच काळातला लागतो. घरी केलेला चालत नाही."

"मग काळा केला की तो त्या काळातला होतो का?"

मोजपट्टीवाले गोरेमोरे झाले. "माझं ऐका. उद्या हा उतारावर तुटला तर? तुम्ही याआधी असं काही ओतलंय का, जे इतकी वर्षं टिकलं? दाखवा मला, मी मंडळींशी बोलतो."

आता याला काय दाखवणार. वन्संचं सगळं काम लोकांच्या तोंडात, आणि कुणाच्या ते सांगायचं नाही. त्या गप्प उभ्या राहिल्या. आयुष्यभर राहिल्या तशाच. आणि माझं डोकं फिरलं. माझे वरचे चार दात पडून कैक वर्षं झाली. जिन्यावरून घसरले होते. घरात यांना आणि वन्संना सोडून हे कुणाला माहीत नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. मी तिथे, त्या टेबलासमोर, दहा लोकांच्या देखत तोंडात अंगठा घातला आणि धातूच्या सांगाड्यासकट चारही दात काढून मोजपट्टीवाल्यांच्या नाकासमोर धरले.

"हे यांनी ओतलंय. यावर मी शेंगदाणे फोडते, दोरा तोडते, माणसंही खाते. मोजा आता."

बोलताना हवा निघत होती, पण एकाही माणसाला हसायची हिंमत झाली नाही. आमचे हे आभाळाकडे बघत उभे राहिले. मोजपट्टीवाल्यांनी खरोखरच वाकून तो सांगाडा पाहिला. पाहिला म्हणजे नीट पाहिला, वळणं, जोड, सगळं. मग सरळ उभे राहिले आणि वन्संना म्हणाले, "तुमचा हात मानला मी. पण नियम मी एकट्याने मोडू शकत नाही. रंग लावा आणि चला, किंवा मग..."

"नियम तुमचा आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "टेकडी तुमची नाही."

आणि सायकल घेऊन त्या दोरीच्या बाहेर गेल्या. बाहेरून एक पायवाट जाते, खालच्या वस्तीतली माणसं वर यायला वापरतात ती. दोरीच्या आतल्या वाटेपेक्षा उभी, आणि मधे दगड. हे धावले, "ताई, अगं गुडघे." वन्सं सीटवर बसल्या होत्या. "गुडघे घेऊनच जातेय," म्हणाल्या, आणि निघाल्या.

मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. पहिला टप्पा सरळ होता, तिथे त्यांनी सोडूनच दिली. धूळ उठली. दगडांपाशी सायकल एकदा उजवीकडे फेकली गेली, एकदा डावीकडे, आणि त्या पेडलवर उभ्या राहिल्या. दोरीच्या आतून एक सायकलस्वार बाई खाली चालली होती, ती वेग कमी करून यांच्याकडेच बघायला लागली. खाली पायवाट संपते तिथे एकदम मोठा रस्ता लागतो, गाड्यांचा. तो त्या वळणापर्यंत दिसतच नाही. वन्संना दिसला तेव्हा त्या पुरत्या वेगात होत्या. मला वरून दिसत होतं, डावीकडून ट्रक येत होता. मी यांचा दंड धरला तो अजून काळानिळा आहे. वन्संनी पुढचा ब्रेक दाबला. मागचं चाक जरा उचललं गेलं, परत टेकलं. सायकल रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि ट्रक समोरून निघून गेला.

आम्ही धावत, घसरत खाली पोचलो. वन्सं एक पाय जमिनीवर टेकवून उभ्या होत्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या, आणि त्यांना धाप लागली होती. दोरीच्या आतली ती बाईही तिथे येऊन थांबली होती. तिने स्वतःची सायकल गवतात टाकली, यांच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली, आणि तिचं बोट थेट त्या करड्या तुकड्यावर गेलं. हात लावून चटकन मागे घेतलं, तापला होता तो.

"हा कुणी केलाय?" तिने विचारलं.

एवढ्या वर्षांत हे वन्संना कधी कुणी विचारलेलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, पेशंटनी नाही, आम्हीही नाही. त्यांनी वाकून एकदा त्या करड्या तुकड्याकडे पाहिलं. मी मधे बोलणार होते, यांनी माझा हात दाबला.

"मी," त्या म्हणाल्या. मग तिने पुन्हा न विचारताच, जरा मोठ्याने, "मी केलाय."

मोजपट्टीवाले आणि बाकीचे टेकडीवरून खाली येत होते, आणि वन्सं त्या बाईला सांगत होत्या, मेण कसं कोरलं, धातू कुठे थिजला, चमक का घालवली. थांबतच नव्हत्या. माझे दात अजून माझ्या मुठीत होते, आणि येणाऱ्या सगळ्यांकडे बघून मी तशीच तोंडभर हसत होते.